मनात पाप नव्हतं, मग पैसे कुणी भरायचे?

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणाऱ्या लेखिका सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात अनेक वर्षं वकिली करून निवृत्त झाल्या आहेत.)

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पत्रं लिहिणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण करणाऱ्याच्या मनात काय होतं याला किती किंमत द्यायची, या एकाच प्रश्नानं तिघांची झोप उडवली आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तिथं एका बाईची आयुष्यभराची कमाई गेली आहे आणि काही गोष्टी मुदतीच्या आत करायच्या आहेत.

प्रश्न: आमचं घर तेलुगू, शिक्षण मराठीत. वडील यंत्रमागावर कामाला होते, मी दहावीत असताना वारले. आईनं तीसेक वर्षं विड्या वळून आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं काम सोडलं तेव्हा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून पावणेतीन लाख रुपये हातात आले. आईला लिहिता-वाचता येत नाही. धाकटे काका म्हणाले, ‘वहिनी, बँकेत काय मिळतंय? माझ्या ओळखीचा एक जण महिन्याला तीन टक्के देतो.’ पाच महिने व्याज आलं. मग तो माणूस ऑफिसला कुलूप लावून पसार झाला. काका म्हणतात, ‘मी काय खाल्लो का ते पैसे? वहिनीचं भलं व्हावं म्हणून केलो. माझ्या मनात पाप नव्हतं.’ आई म्हणते, जाऊ दे, त्याची नियत चांगली होती, आपलंच नशीब खोटं. आत्या मला म्हणते, ‘माणसाचा हेतू बघावा, फळ बघू नये. तू एवढी शिकलीस तरी कळत नाही?’ काकांनी स्वतःचे पैसे पोस्टात ठेवलेत, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मला त्यांच्याशी बोलवत नाही. मी चुकतेय का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर: नाही, तुम्ही चुकत नाही. हे आधी लिहिते, कारण घरात सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला असलो की आपल्यालाच आपली शंका यायला लागते.

तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. काका लबाड आहेत का, हा एक. आईचे पैसे कुणी भरून द्यायचे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसराही निकालात निघाला, असं आई, आत्या, काका तिघंही धरून चालली आहेत. तसा तो निघत नाही.

हेतूचा प्रश्न कोर्टात रोज येतो, म्हणून तिथली एक हकीकत सांगते. पगाराच्या दिवशी यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन कामगारांची बाचाबाची झाली. एकानं दुसऱ्याला ढकललं. तो मागाच्या लोखंडी कोपऱ्यावर डोकं आपटून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसांनी खुनाचं कलम लावलं. मी आरोपीच्या बाजूनं होते. मुद्देमालात एक बनियन होता. रक्त वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला, कागदात गुंडाळून लाखेनं मोहोरबंद केलेला. सरकारी वकिलांनी तो दाखवला तो आरोपीच्या कपड्यावर मयताचं रक्त आहे म्हणून. साक्षीत निघालं की समोरचा पडताच यानंच अंगातला बनियन काढून त्याच्या डोक्याला दाबून धरला होता आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

हेतू कुणी छातीतून काढून टेबलावर ठेवत नाही. न्यायाधीश बाहेरच्या गोष्टी बघतात. हातात हत्यार होतं का, वार किती, शरीराच्या कुठल्या भागावर, आधीचं वैर होतं का, आणि नंतर माणूस कसा वागला, पळाला की थांबला. त्या खटल्यात खुनाचं कलम गेलं. पण आरोपी हात झटकून घरी गेला नाही, कमी कलमाखाली शिक्षा झालीच. आणि मयताची बायको निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती, तिच्यासाठी खून आणि सदोष मनुष्यवध यातला फरक काहीच नव्हता. मी केस जिंकले होते, तरी तिच्याशी काय बोलावं हे मला सुचलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १८६० ची भारतीय दंड संहिता असो की १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, दोन्हीत हेतू वेगळा, परिणामाची जाणीव असणं वेगळं आणि हयगय वेगळी. विश्वासानं सोपवलेल्या पैशांचा अपहार हा गुन्हा ठरायला बेइमानी लागते. काकांच्या मनात ती नव्हती असं धरलं, तर ते गुन्हेगार नाहीत. इथवर मी तुमच्या आईच्या बाजूनं आहे. काकांना चोर म्हणू नका.

पण याच कायद्यात ‘सद्भावने’ची एक व्याख्या आहे. जुन्या संहितेत ती कलम ५२ मध्ये होती, नव्या संहितेत दुसऱ्या कलमात व्याख्यांच्या यादीत आहे, मजकूर तोच. ती सद्भावना म्हणजे काय ते सांगत नाही, काय नाही ते सांगते: योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली असं म्हणता येत नाही. मनात भलं चिंतलं एवढ्यावर भागत नाही. भलं चिंतणारा चौकशी करतो. लेकीसाठी स्थळ बघताना आपण मुलाचा पगार, घर, व्यसन, गावातलं नाव, सगळं विचारतो ना? मग एका विधवा बाईची पुंजी कुणाच्या हाती देताना तेवढं विचारायला नको?

काकांनी काय विचारलं होतं? त्या माणसाच्या धंद्याची नोंदणी बघितली का? पावती कुणाच्या नावाची होती? महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. एवढं व्याज द्यायला तो माणूस कुठल्या धंद्यातून किती कमावत होता, हे एकदा तरी त्याच्या तोंडावर विचारलं का? तुमच्या पत्रावरून तरी यातलं काही केलेलं दिसत नाही.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, माझा जीव मात्र तिथंच अडकला: काकांचे स्वतःचे पैसे पोस्टात होते. विश्वस्तांसाठी १८८२ चा एक कायदा आहे. त्याच्या पंधराव्या कलमाचा मथितार्थ असा, की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्तानं दुसऱ्याच्या मालमत्तेची घ्यावी. काका कायद्यानं विश्वस्त होते की नाही हा वाद बाजूला ठेवा. घरातल्या बाईनं विश्वासानं पैसे हातात दिले, तेव्हा मोजायला माप हेच. स्वतःच्या पैशांना जी भीती त्यांना वाटली, ती वहिनीच्या पैशांना का वाटली नाही?

याचं उत्तर त्यांच्या बाजूनंही असू शकतं. पोस्टातले पैसे कदाचित जुन्या मुदतीचे असतील. कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल की आपल्याला पगार आहे, वहिनीला नाही, तिला दरमहा चार पैसे जास्त मिळाले तर बरं. म्हणून मनातल्या मनात निकाल देऊ नका, विचारा. आणि अजून एक विचारा, आडपडदा न ठेवता: ‘काका, आईचे पैसे तिथं ठेवल्याबद्दल तुम्हाला कमिशन मिळालं का?’ अशा योजना ओळखीपाळखीतूनच पसरतात, आणि ठेवीदार आणून देणाऱ्याच्या हातावर बऱ्याचदा काहीतरी ठेवलं जातं. मिळालं नसेल तर तुमच्या मनातला एक काटा निघेल. मिळालं असेल तर ‘मी काय खाल्लो का’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

तुमच्या आत्यांना माझा निरोप द्या. फळाची आशा धरू नये हे कर्म करणाऱ्याला सांगितलंय, त्याच्या स्वतःच्या फळाबद्दल. ज्या बाईचे पैसे बुडाले तिनं गप्प बसावं, असा त्याचा अर्थ कुठल्याही कीर्तनकारानं मला सांगितलेला नाही. उलट आपल्या जिल्ह्यातली, मंगळवेढ्याची कथा आठवा. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं दारात मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लुटू दिली. यापेक्षा चांगला हेतू कुणाचा असणार? तरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या कथेत बादशहाला असं कुणी म्हणत नाही की पंतांच्या मनात पाप नव्हतं, सोडून द्या. कथेत विठोबा विठू महाराचं रूप घेतो, बिदरला जातो, मोहरा मोजून देतो आणि पोच घेतो. हेतू चोख होता, तरी धान्याचा हिशेब देवाला चुकता करावा लागला! लहानपणी मी ही कथा चमत्कार म्हणून ऐकली. वकिली करायला लागल्यावर मला त्यातली ती पोच जास्त महत्त्वाची वाटू लागली.

आणि काका आणि दामाजीपंत यांच्यात फरक आहे तोही बघा. पंतांनी स्वतःची मान धोक्यात घातली होती. बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा ते निघाले, पंढरपूरला दर्शन घेतलं आणि पुढं गेले. काकांनी धोक्यात घातलं ते वहिनीचं.

आता तुमच्या आईच्या ‘जाऊ दे’बद्दल. क्षमा करायचा हक्क त्यांचा आहे, तुमचा नाही, माझा तर नाहीच. पण नवरा नसलेल्या बाईचं ‘जाऊ दे’ मी फार ऐकलंय. पुष्कळदा त्यात क्षमा नसते. दिराच्या घराशी भिंत लागून आहे, उद्या धाकटीच्या लग्नात मांडवात उभं राहायला माणूस हवा, दवाखान्यात रात्री कोण नेईल, असे हिशेब त्यात असतात. तेव्हा आईला घरात कुणी नसताना विचारा, ‘काका उद्या पैसे परत देतो म्हणाले तर तू नको म्हणशील का?’ नको म्हणाल्या तर ती क्षमा. डोळे चमकले तर तुमचं काम तुम्हाला कळलं.

करायच्या गोष्टी अशा. सोलापूर शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली अशा संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदाही आहे. पावत्या, पासबुक, मोबाईलवरचे संदेश, सगळ्याच्या प्रती जोडा. ठाण्यात काकांनी स्वतः यायला हवं, साक्षीदार म्हणून, पहिल्या दिवशी. ‘ओळखीचा माणूस आहे’ म्हणून ते टाळायला लागले तर मात्र मला त्यांच्या मनाबद्दल काळजी वाटेल.

आणि घरातला हिशेब. पावणेतीन लाखांचं पाच महिन्यांचं तीन टक्क्यांनी व्याज ४१,२५० रुपये झालं. ते प्रामाणिकपणे वजा करा. उरले २,३३,७५०. माझ्या मते हे सगळे काकांनी द्यावेत, हप्त्यानं द्यावेत, महिन्याला तीन हजार जमत असतील तर तीन हजार. कोर्ट त्यांना भाग पाडेल की नाही हा वेगळा विषय, मी इथं घरातला न्याय सांगतेय. पळालेल्या माणसाकडून पुढं काही वसूल झालं तर ते काकांना मिळावं. ते जे कबूल करतील ते एका कागदावर, तारखेसह, सहीनिशी घ्या. पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली तर ती मुदत नव्यानं सुरू होते. तुमची दोन वर्षं गेली आहेत, म्हणून उशीर करू नका.

पहिला हप्ता आला की काकांशी बोलायला लागा. चहाला बोलवा. तोवर बोलणं जड जात असेल तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागात उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. गेल्या वर्षीपासून एक कारखानदार गल्लीत फुकट टँकर पाठवतात. टँकरच्या तिन्ही बाजूंना त्यांचा हात जोडलेला फोटो. महापालिकेला उभं राहायचं आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्या पाण्याला शिवत नाही. पत्नी मात्र दोन पिंपं भरून घेते आणि वर मलाच म्हणते, ‘फोटो पाण्यात विरघळतो का?’ ज्या दानामागचा हेतू शुद्ध नाही ते दान कसलं?
— जुळे सोलापूर

उत्तर: सर, पाणी भरून घ्या. वहिनींच्या पाठीत उसण भरेल, एखादं पिंप तुम्ही उचला.

तुमचा प्रश्न हलका नाही, आणि तुम्ही ज्या तत्त्वावर उभे आहात ते जुनं आहे. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हटलं. हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, सर्वांत मानला जाणारा संग्रह ‘कर्मं हेतूवर अवलंबून असतात’ या वचनानं सुरू होतो. आपल्या गावात तर या विषयाची सगळ्यात जवळची गोष्ट आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून इथं तळं खोदवलं. कन्नड शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगतात की अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी ‘कुठं आहे तुमचा तो खोदणाऱ्यांचा नायक?’ असं विचारलं. लोक खवळले, दगड घेऊन धावले. मग अल्लमप्रभूंनी सिद्धरामांना समोर बसवून विचारलं, की ही तळी, ही देवळं बांधताना ‘मी करतो’ हे तुझ्या मनातून गेलंय का? सिद्धरामांना तो प्रश्न लागला. ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले.

या गोष्टीत दोन बाबी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, तळं बुजवायला कुणी सांगितलं नाही. खोदणाऱ्याच्या मनात काय होतं याची झडती झाली, पाणी पिणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. दुसरी, प्रश्न विचारणारा अल्लमप्रभू होता, तो सिद्धरामांच्या भल्यासाठी विचारत होता आणि तोंडावर विचारत होता. वर सांगितलेली सगळी वचनंही करणाऱ्याला उद्देशून आहेत. तू दान देतोस तेव्हा स्वतःच्या मनात डोकाव, असं ती सांगतात. शेजाऱ्याच्या मनात डोकावायचा परवाना ती देत नाहीत.

आणि मन एकरंगी नसतं, सर. त्या कारखानदाराला नगरसेवक व्हायचं असेल आणि त्याच वेळी लहानपणी आईला मैलभर लांबून घागरी आणताना बघितल्याची सलही असेल. कुठला हेतू किती टक्के, हे त्यालाही सांगता येणार नाही. आपण सणाला भाचरांना कपडे करतो तेव्हा तरी बहिणीच्या सासरी आपलं नाव राहावं हे मनात नसतं का? कपडे म्हणून परत घेतो का आपण?

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूनं ठाम उभी आहे. टँकरवाला दारात येऊन ‘साहेबांना लक्षात ठेवा’ म्हणाला, याद्या करायला लागला, मत न देणाऱ्या घराचं पिंप रिकामं ठेवून पुढं गेला, तर ते दान राहिलं नाही. मताच्या बदल्यात काही देणं ही लाच आहे आणि कायद्यानं गुन्हा आहे. तिथं हेतू उघडपणे वागण्यात उतरलेला असतो, तो ओळखायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. त्या दिवशी पिंप उपडं घाला आणि निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, मी शाबासकी देईन.

तोवर पाण्याबद्दल धन्यवाद म्हणा आणि मत हवं त्याला द्या. पाणी घेतल्यानं तुमच्यावर मताचं कर्ज चढत नाही. आणि तुमच्यासारख्या माणसानं खरं तर महापालिकेला विचारायला हवं, की उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना आम्हाला फोटो लावलेल्या टँकरची वाट का बघावी लागते. शिक्षकाच्या अक्षरातला अर्ज अजूनही वाचला जातो.

प्रश्न: मी एका कुरिअर कंपनीत काम करतो, वय २६. दोन महिन्यांपूर्वी रात्री विजापूर रोडवर माझ्यासमोर एक दुचाकी घसरली. मुलगा माझ्याच वयाचा, डोक्यातून रक्त येत होतं. मी आणि एका भाजीवाल्यानं त्याला उचलून रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टर डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. त्याचा मामा मला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ॲम्ब्युलन्स का नाही बोलावलास? तुम्ही उचलापाचल केली नसती तर पोरगं वाचलं असतं.’ माझा हेतू चांगला होता हे मी स्वतःला रोज सांगतो, पण झोप लागत नाही. पोलिसांत काही होईल का? त्याच्या आईला भेटायला जावं का?
— सोलापूर

उत्तर: बाळा, तुला काही होणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम घातलं गेलं. अपघातातल्या माणसाला सद्भावनेनं, आपणहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, मदत करताना त्याच्या हातून हयगय झाली असली तरी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अशा माणसांना त्रास होऊ नये म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या होत्या. लोक रस्त्यावर थांबायला घाबरत होते, त्यांनी थांबावं म्हणून हे केलं.

वरच्या पहिल्या पत्रातल्या काकांना मी चौकशी का केली नाही असं विचारलं. तुला तसं विचारणार नाही. त्यांच्या हातात दिवसच्या दिवस होते, तुझ्या हातात मिनिटं होती. अंधार, ट्रकांची वर्दळ, समोर रक्त. त्या वेळी तुला जे दिसत होतं आणि जे कळू शकत होतं, त्यावरूनच तुझं वागणं तोलायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जे कळलं ते आदल्या रात्री तुला कळायला हवं होतं, असं म्हणणं अन्याय आहे.

मी डॉक्टर नाही. मानेला, मणक्याला मार असेल तर हलवताना जपावं लागतं हे खरं आहे, आणि १०८ ला फोन करून तिकडून सांगतील तसं करणं चांगलं. पुढच्या वेळी तसं कर. पण तुझ्याच पत्रात कारण लिहिलंय, डोक्यातला रक्तस्राव. शवविच्छेदनाच्या अहवालात नेमकं असेल. मामांना कुणी जाणत्यानं तो अहवाल समजावून सांगायला हवा. त्यांनी तुला बोल लावला, कारण त्या वेळी त्यांच्यासमोर तू होतास आणि रस्ता काही ऐकून घेत नाही. त्यांचा राग मनाला लावून घेऊ नकोस, आणि उलट उत्तरही देऊ नकोस.

तुला झोप लागत नाही, त्याला मी अपराध म्हणणार नाही. एक माणूस तुझ्या मांडीवर डोकं ठेवून शुद्धीतून गेला असेल, तर ते दोन महिन्यांत जात नाही. ‘हेतू चांगला होता’ हे रोज घोकून ते जाणारही नाही, कारण तुझ्या हेतूवर तुझा संशय नाहीच. तुला दुःख झालंय. घरच्यांशी बोल, त्या भाजीवाल्याला शोध आणि त्याच्याशी बोल, तोही कदाचित एकटाच हे घेऊन बसला असेल. पंधरा-वीस दिवसांत फरक पडला नाही तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत दाखव, लाजू नकोस.

आईला भेटायला जा. आधी ओळखीच्या कुणाकडून निरोप पाठव आणि त्या हो म्हणाल्या तरच जा. एकटा जाऊ नकोस, भाजीवाल्याला घेऊन जा. स्वतःची बाजू मांडायला सुरुवात करू नकोस. मुलगा रिक्षात काही बोलला असेल, पाणी मागितलं असेल, कुणाचं नाव घेतलं असेल, तर ते त्यांना सांग, कारण ते सांगू शकणारे तुम्ही दोघंच आहात. मामा घरात असतील आणि पुन्हा बोलले तर ऐकून घे आणि उठ.

पोलिसांचा फोन आला तर घाबरायचं कारण नाही. २०२० च्या नियमांनुसार मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुझ्या मर्जीवर आहे. माझं मत विचारशील तर हो. दुचाकी कशी घसरली, रस्त्यावर खडी होती का, दिवा होता का, हे तू बघितलंस, आणि त्या घराला विम्याची रक्कम मिळायला तुझा जबाब उपयोगी पडू शकतो. जबाब लिहून झाला की वाचून बघ, न सांगितलेलं काही त्यात असेल तर दुरुस्त करून घे.